अक्कांचं मशीन आणि माझा नियम

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे सगळंच, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापासून सर्व्हरपर्यंत. या कामातलं कळणारं दुसरं माणूस कारखान्यात नाही. त्यामुळं बिघाडाचं कारण मी सांगेन तेच. या सोयीचा मी एकदा गैरफायदा घेतला. बायकोलाही बरेच महिने हे सांगितलं नव्हतं. आता लिहितोय.

आमच्या दोन इमारती, रस्त्याच्या अलीकडे ऑफिस, पलीकडे डिस्पॅच. दोन्हींच्या मध्ये फायरवॉल म्हणून एक पेटी बसवलेली आहे. तिचं काम गेटवरच्या वॉचमनचं. कोण कुठून आलं, कुठं निघालं, पास आहे का, नसेल तर मागं फिरा. फरक एवढाच की ही पेटी ओळखदेख ठेवत नाही. नियम लिहून द्यायचे, ती वरून खाली वाचते आणि पहिला लागू पडेल तो पाळते.

डिस्पॅचला चार मशीन. खिडकीजवळच्या मशीनवर अक्का बसायच्या. विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू, बाहेर आपल्यासारखीच मराठी. वयानं माझ्याएवढ्याच, पण मॅनेजरसाहेबांपासून सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांनी कितीतरी वर्षं चेकिंगच्या टेबलाशी उभ्यानं काढली. टॉवेल पसरायचा, डाग बघायचा, सुटलेला धागा तोडायचा, घडी घालायची, पुढचा ओढायचा. गुडघे बोलायला लागले तेव्हा क्लास लावून कॉम्प्युटर शिकल्या आणि पॅकिंग लिस्ट करायच्या खुर्चीवर आल्या. ती खुर्ची त्यांना मिळून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

त्यांची एक सवय होती. सुटताना सॉफ्टवेअर बंद, मशीन बंद, भिंतीवरचं बटणही बंद. मागावर वाढलेलं माणूस मेन स्विच पाडल्याशिवाय शेडच्या बाहेर पाय टाकत नाही, तसलं. बाकीचे तिघे नुसता स्क्रीन विझवून पळायचे.

क्रिकेटचे दिवस होते. डिस्पॅचमधल्या कुणीतरी मशीनच्या सेटिंगमध्ये हात घालून बंद केलेल्या साइट उघडल्या होत्या. साहेब म्हणाले, बंदोबस्त करा. मी सोमवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, फायरवॉलमध्ये सगळ्यात वर एक नियम लिहिला. इथं थोडं समजावून सांगतो. कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, नंबर लागतो. आपण नाव टाकलं की तो आधी दुसऱ्या एका मशीनला विचारतो, या नावाचा नंबर काय? या विचारण्याला डीएनएस म्हणतात. माझा नियम असा, की डिस्पॅचच्या मशीननी ही विचारणा बाहेरच्या एका ठरावीक गाळणी लावणाऱ्या ठिकाणीच करायची, बाकी कुठंही नाही. नियम सुटसुटीत होता. खूश होऊन घरी गेलो.

मंगळवारी सकाळी अक्कांचा फोन आला, सॉफ्टवेअर उघडत नाही, सर्व्हर सापडत नाही म्हणतंय.

मी गेलो. इंटरनेट चालू, मेल चालू. जगातली कुठलीही साइट उघडावी, आणि रस्त्यापलीकडच्या आमच्याच सर्व्हरचा तेवढा पत्ता लागू नये. शेजारच्या तिन्ही मशीनवर तेच सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू. मला, खरं सांगायचं तर, मजा वाटली. केबल बदलली, नेटवर्कचं कार्ड बदललं, व्हायरस तपासला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. दिवस गेला. अक्का बाजूला स्टुलावर बसून पॅकिंग लिस्ट हातानं लिहीत होत्या. शेजारचा क्लार्क, करकंबकडचा, अधूनमधून टोमणा टाकायचा. "अक्का, मशीनला काय खायला घातलं हो? आमचं तर लई गुणाचं हाय की."

अक्का हसल्या नाहीत. मला हळूच विचारलं, माझ्या हातून काही चुकीचं दाबलं गेलं का? मी म्हणालो, बघतो.

बुधवारी सकाळी मला सुचायला पाहिजे होतं ते सुचलं. सर्व्हरचं नाव टाकायच्या ऐवजी नंबर टाकून बघितला. लगेच उत्तर आलं. म्हणजे रस्ता मोकळा होता, फक्त नावाचा नंबर मिळत नव्हता. मी ऑफिसात येऊन फायरवॉलची नोंद उघडली. अडवलेल्या विचारणांची रांग लागली होती, आणि प्रत्येकीसमोर कालच्या आदल्या दिवशीचा माझा नियम.

आमच्या कारखान्यातल्या मशीनची नावं फक्त ऑफिसातल्या आमच्याच एका मशीनला माहीत असतात. डिस्पॅचचे कॉम्प्युटर आधी त्याला विचारत, आणि ती विचारणा फायरवॉल ओलांडून यायची. मी तिलाच बंदी घातली होती. मग ते बिचारे बाहेरच्या गाळणीला विचारत. तिला जगाची नावं पाठ, पण आमच्या सर्व्हरचं नाव तिनं कशाला ऐकलं असेल? तिचं उत्तर, असं नाव नाही.

तेव्हा अकरा वाजले होते. त्याच क्षणी उठून सांगायला पाहिजे होतं. पण एक गोष्ट सुटत नव्हती. अडवणूक चारही मशीनची होत होती. चौघांनाही नकार, मग अडलं एकट्या अक्कांचंच का? हे कळल्याशिवाय मला खुर्ची सोडवेना. हा माझा स्वभावच आहे. कोडं अर्धं असताना समोर कुणी मेलं तरी मला दिसायचं नाही.

चाळीस-एक मिनिटं मी नोंदी चाळत बसलो, आणि ते सापडलं. बाकीच्या तिघांनी सॉफ्टवेअर कितीतरी दिवसांत बंदच केलं नव्हतं. त्यांचा सर्व्हरशी जोडलेला धागा माझ्या नियमाच्या आधीपासूनचा, तुटलाच नव्हता. सर्व्हरचं नाव विचारायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती; अडत होत्या त्या बाहेरच्या साइटच्या विचारणा, आणि त्यांची उत्तरं गाळणी देतच होती. अक्का रोज सगळं नीट बंद करून जायच्या, म्हणून रोज सकाळी त्यांच्या मशीनला पहिल्यापासून नाव विचारावं लागायचं. चौघांत जिची शिस्त चोख, तीच अडकली होती. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. मग नियमात ऑफिसातल्या त्या नावं सांगणाऱ्या मशीनची सूट घातली, तपासलं, आणि रस्ता ओलांडून डिस्पॅचला गेलो.

अक्कांच्या खुर्चीवर दुसराच माणूस बसला होता.

मधल्या वेळात साहेब येऊन गेले होते. कंटेनर भरून उभा, छापील लिस्ट तयार नाही. अक्कांना त्यांनी चेकिंगला परत पाठवलं आणि गोडाऊनमधल्या एकाला तिथं बसवलं. त्यानं बसून सॉफ्टवेअर उघडलं, तर ते उघडलं. मी नियम दुरुस्त केल्याला पाच मिनिटंही झाली नसतील.

साहेब दारातच होते. मला म्हणाले, "बघितलंत? अक्का उठल्या आणि मशीन सुरू. काहींच्या हाताला हे जमतच नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "हां, सेटिंगमध्ये थोडा घोळ होता. काढला."

कुणाच्या सेटिंगमध्ये ते कुणी विचारलं नाही.

भीती होती का? नोकरी गेली नसती, साहेब दोन शब्द बोलले असते, बस. पण चूक कबूल करायची मला सवयच राहिली नव्हती. चूक दाखवणारं कुणी नसलं की माणसाला तसं होतं.

चार दिवसांनी अक्का स्वतः माझ्याकडे आल्या. उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, माझं काय चुकलं होतं तेवढं सांगा, पुढं कधी संधी मिळाली तर ध्यानात ठेवीन. मी काय सांगितलं असेल? मशीन रोज रोज बंद करायचं नसतं अक्का, त्यानं गडबड होते. त्यांनी मान हलवली, आभार मानले आणि गेल्या. हे लिहिताना सगळ्यात जड जातं ते हेच. नुसता गप्प राहिलो असतो तर एक वेळ चाललं असतं.

पुढं वर्षभर चेकिंगच्या शेडवरून जायचं मी टाळलं. गेलोच तर त्या एका हातानं टेबलाची कड धरून दुसऱ्या हातानं टॉवेल पसरताना दिसायच्या.

मग डिस्पॅचला पाचवं मशीन आलं. कुणाला बसवायचं असा विषय निघाला. मी म्हणालो, अक्कांना बसवू. साहेब हसले. "अक्का नकोत हो. मागचं विसरलात काय?"

मी तेव्हाही विषय सोडून दिला. बाहेर आलो. पण जेवणाच्या सुट्टीत पाय आपसूक चेकिंगच्या शेडकडे वळले. अक्का गठ्ठ्यावर बसून डबा खात होत्या. मी समोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं रडतील, नाहीतर बोलतील. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "मग त्या तिघांचं कसं चाललं होतं?"

मी खिशातल्या चिठ्ठीवर काढून दाखवलं. दोन इमारती, मध्ये पेटी, चार मशीन. त्यांनी बोट ठेवून ठेवून समजून घेतलं, दोनदा मला थांबवून परत सांगायला लावलं. शिकवताना मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मी नीट बंद करत होते म्हणून."

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलंत, बंद करू नका."

"हो."

"तुम्हाला हे कळलं कधी?"

या प्रश्नापासूनच मी वर्षभर लपत होतो. म्हणालो, "तुम्हाला उठवलं त्याच्या आधी."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पदरानं हात पुसले. म्हणाल्या, "चला. साहेबांना डिस्पॅचमध्ये बोलवा. सगळ्यांसमोर सांगा."

मी सांगितलं. वेळेसकट सगळं सांगितलं. साहेबांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं, एवढंच कळलं की आपण भलत्या माणसाला उठवलं. करकंबचा क्लार्क म्हणाला, "म्हंजी व्हायरस तुमीच व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. अक्का तेव्हाही हसल्या नाहीत. साहेब म्हणाले, नवीन मशीन तुम्ही घ्या अक्का, उद्यापासून. अक्का म्हणाल्या, "घेते. पण आधी यांचा तो नियम मला बघायचाय."

त्या माझ्यामागून ऑफिसात आल्या. मी फायरवॉलचा स्क्रीन उघडून नियम दाखवला. त्यांनी चष्मा लावून एकेक रकाना वाचला. कुणी कधी लिहिला ते यात दिसतं का, विचारलं. मी दाखवलं. तारीख, वेळ, माझं खातं.

"म्हणजे तेव्हा कुणी इथं बघितलं असतं तर कळलं असतं."

"कळलं असतं. पण कुठं बघायचं ते कुणाला माहीत नव्हतं."

"मला शिकवून ठेवा."

मी त्यांना नुसतं बघता येईल, बदलता येणार नाही, असं खातं उघडून दिलं. साहेबांची परवानगी घेतली, त्यांनी कशाची ते न विचारता दिली. अक्कांनी सगळ्या पायऱ्या वहीत लिहून घेतल्या, मराठीत.

आता त्या नव्या मशीनवर बसतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात, नीट बोलतात, त्यापलीकडं नाही. मी एखादा नियम बदलला की त्याच दिवशी त्यांच्या खात्याची नोंद येते. उघडलं, वाचलं, बंद केलं. कधीकधी फोन येतो, हा कशासाठी हो? मी सांगतो. सांगताना दोनदा विचार करतो. पलीकडून "बरं" येईपर्यंत फोन ठेवत नाही.