अक्का बँकॉकला जेवली

विलास म्हणाला, "अक्का सोबत असेल तर जा."

विलास माझा नवरा. अक्का त्याची थोरली बहीण. धुळ्याजवळच्या खेड्यात शेती बघते. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून मांसमच्छी वर्ज्य. मी तेव्हा जळगावच्या कॉलेजात मराठी शिकवत होते आणि पाच वर्षं या प्रवासासाठी पैसे साठवत होते. बँकॉकच का? माझ्या पैशांत तिथलंच विमान बसत होतं. साल १९९३. अक्का स्वतःच्या खर्चाने यायला तयार झाली आणि मी त्याच संध्याकाळी भिंतीवर नकाशा लावला.

ती पॅसेंजरने धुळ्याहून चाळीसगावला आली आणि तिथे माझ्या मुंबईच्या गाडीत चढली. एका पिशवीत लुगडी, दुसरीत ॲल्युमिनियमचा मोठा डबा. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, "कुठे निघाल्या अक्का?"

"बँकॉक."

"कोणत्या तालुक्यात आलं ते?"

"समुद्रना पल्याड," अक्का म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

पहिला दिवस. विमानतळावरून शहरात जायला टॅक्सी घेऊ नका, साधी बस जाते. आम्ही रेल्वे स्टेशनमागच्या एका लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ, पंखा मोठा. पिशव्या टाकल्या आणि मी रस्त्यावर आले. असा रस्ता मी पाहिला नव्हता. दर दहा पावलांवर एक गाडी, प्रत्येक गाडीवर वेगळा पदार्थ. वीस बाटमध्ये भात, त्यावर तुळशीसारख्या पाल्यात परतलेली कोंबडी, वर तळलेलं अंडं. बाट तेव्हा सव्वा रुपयाच्या आसपास होता. मी उभ्यानेच खाल्लं. मग नारळाच्या दुधात शिजवलेला भोपळा. मग कोळशावर भाजलेली केळी. रावेर-यावलची केळी खाऊन वाढलेल्या बाईला केळं भाजतात हे तिथे कळलं.

अक्काने खोलीत दशमी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिने डबा उघडला तर दशम्यांवर हिरवी बुरशी होती. दशमी आमच्याकडे आठ दिवस टिकते. अक्काने तो हिशेब धरून दशम्या कोमट असतानाच डबा घट्ट बंद केला होता. खानदेशच्या कोरड्या हवेत हे खपून जातं. बँकॉकची हवा ओल्या फडक्यासारखी.

मग आम्ही जेवण शोधत फिरलो. भाज्यांची कमी नव्हती. पण प्रत्येक गाडीवर एक बाटली होती, मासे खारवून काढलेल्या पाण्याची. मीठ घालावं तसं ते पाणी सगळ्यांत पडत होतं. एका भारतीय हॉटेलच्या दारापर्यंत गेलो. तिथल्या एका थाळीच्या पैशांत बाहेर दोघी दिवसभर जेवलो असतो, शिवाय आत त्याच चुलीवर मटण. अक्का मागे फिरली. त्या दिवशी तिने केळी खाल्ली आणि शहाळ्याचं पाणी प्यायली.

संध्याकाळी म्हणाली, "पोरी, माले घर जानं शे. आठे पानीलेबी मासाना वास येस."

"अजून पाच दिवस आहेत, अक्का."

"उपाशी ऱ्हाऊ का?"

"मी राहते. तुम्ही जा."

"आनि मना भाऊले काय सांगू?"

ती गेली तर मलाही जावं लागणार होतं. हे दोघींना माहीत होतं. विमान कंपनीच्या कचेरीत विचारून आले. गुरुवारी दोन जागा होत्या. बुधवारी पाचच्या आत तिकिटं बदलून घ्यायची.

बुधवारी सकाळी मी लॉजच्या मालकिणीला सगळं सांगितलं. थोडं इंग्रजी, बाकी हातवारे. तिने अक्काच्या माळेकडे पाहिलं आणि एकच शब्द शिकवला : "जे". व्रत धरणाऱ्यांचं जेवण. मी दहा वेळा म्हणून पाहिला.

अकराच्या सुमारास भाजीबाजारामागच्या बोळात अक्का थांबली. नाक वर केलं.

"वांगं."

खरंच होतं. कोळशावर लांब, हिरवी वांगी भाजत होती. साल काळी पडली होती, देठाशी रस उकळत होता. पन्नाशीची एक बाई ती उलटत होती. अक्का तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि एक वांगं बोटाने दाबून पाहिलं.

"हाई ते आपलं भरीतनं वांगं शे!"

पण गाडीवर ती बाटली होती. उखळात सुकट कुटलेली होती. अक्का उठायला लागली. मी म्हणाले, "जे."

बाईने माझ्याकडे पाहिलं, मग माळेकडे. बाटली उचलून गाडीखाली ठेवली. हात धुतले. वर तोंड करून हाक मारली. जिन्यावरून तिची म्हातारी आई उतरली, छातीशी फडक्यात गुंडाळलेलं लाकडी उखळ धरून. बाईने हाताने मासा पोहण्याची खूण केली, उखळाकडे बोट केलं आणि जोराने मान हलवली. यात तो कधी पडलेला नाही.

"बडगी!" अक्का म्हणाली. भरीत कुटायचं आमचं लाकडी भांडं. तिने म्हातारीच्या हातून मुसळी जवळजवळ ओढूनच घेतली.

वांगी सोलली. भाजलेल्या मिरच्या, मीठ, शेंगदाणे, कोथिंबीर. अक्का कुटत होती, दोघी बघत होत्या. मग अक्काने शेजारच्या टोपलीतला लसूण उचलला आणि म्हातारीने तिचं मनगट धरलं.

लसूण नाही. कांदाही नाही. तिच्या व्रतात ते बसत नव्हतं.

"लसून नही? मंग हाई भरीत कसं?"

म्हातारी मनगट सोडेना. वयाने ऐंशीची, पण पकड पक्की. मी घड्याळ पाहिलं. कालपासून नुसत्या केळ्यांवर असलेली अक्का, हातात लसूण, समोर भरीत. तिने म्हातारीकडे बराच वेळ पाहिलं. मग लसूण टोपलीत टाकला.

"ऱ्हाऊ दे. तिना नेम शे."

म्हातारीने वरून लिंबू पिळलं. अक्काने भुवया उंचावल्या, पण हात धरला नाही. केळीच्या पानावर चिकट भात आणि भरीत घेऊन आम्ही चौघी त्या बोळात जेवलो. अक्काने तीनदा भात घेतला. बाईने दोघींचे मिळून तीस बाट घेतले. पाच वाजले तेव्हा आम्ही नदीवरच्या होडीत होतो.

पुढचे चार दिवस मी जग जिंकल्यासारखी हिंडले. तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की आत शिरा. ते "जे" जेवण. दुपारच्या आत जा, नंतर चांगलं संपतं. टोफू, पालेभाज्या, मश्रूमचा रस्सा, सगळं वीस-पंचवीस बाटमध्ये. आंबा आणि नारळाच्या दुधातला भात कुठेही मिळाला तरी सोडू नका. अक्काने रोज काही तरी नवं खाल्लं आणि रोज सांगितलं, लसूण पाहिजे होता.

जळगावला परतलो त्या रात्री अक्काने आमच्या घरी भरीत केलं. लसूण भरपूर. शेवटी लिंबू पिळलं. विलास म्हणाला, "भरीतात लिंबू?"

"खाई देख."

त्याने खाल्लं. मग विचारलं, "तिथे जेवणाचे हाल झाले का?"

मी अक्काकडे पाहिलं. दशम्या, केळी, गुरुवारची तिकिटं, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिने भाकरीचा तुकडा मोडला.

"जेवानी फिकीर नही," ती म्हणाली. "पुढला टाइमले हिले एकली जाऊ दे. मना पाय दुखी ग्यात."

दोन वर्षांनी मी एकटी निघाले.