धाकटीचे पाय

कोऱ्हाळ्याला आमच्या रानात उसाची लावण म्हणजे सरीला पाणी सोडायचं, उसाच्या कांड्यांच्या टिपऱ्या टाकायच्या आणि पायानं चिखलात दाबत पुढं जायचं. वडील बांधावर बसून बघायचे. त्यांच्या पायातून चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे. माझंही तसंच. मी दाबलेल्या टिपऱ्या घटकाभरानं पाण्यावर तरंगायच्या. धाकटी बहीण हट्टानं माझ्याच सरीत मागून यायची आणि एकेक टिपरी टाचेनं खाली बसवायची. आई कौतुकानं म्हणायची, “धाकटीचं पाय बघा!” माझा नुसता जळफळाट व्हायचा. मिरवते मेली, वाटायचं.

पुढं पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मोटारीच्या वायरीवरून समजावलं. वायरीला असतं तसं नसांनाही आवरण असतं. ते चढवणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि त्यांनी कसं वाढावं, आवरण किती चढवावं, हे ठरवणारं एक जनुक. ते वडिलांकडून मला बिघडलेलं आलं होतं. म्हणून पायापर्यंत निरोप नीट पोचत नव्हता. बहिणीची तपासणी स्वच्छ निघाली. दोघींनाही निम्मी निम्मी शक्यता होती म्हणे. काय वाटणी झाली बघा! ऐकून ती ढसाढसा रडली. मला त्याचाही राग आला. रडायला हिचं काय गेलं होतं? त्याच आठवड्यात भिगवणला मासे खायला गेलो, तर ही उंच टाचांच्या चपला घालून सगळ्यांच्या पुढं.

यंदा लावणीला ती इंदापूरहून, सासरहून आली. माझी आठ वर्षांची लेक हौसेनं सरीत उतरली. तिची तपासणी मी अजून केलेली नाही. धीरच होत नाही. वडिलांच्या जागी बांधावर बसून मी तिच्या मागचं पाणी बघत राहिले. ती थोडी पुढं गेली आणि एक टिपरी वर आली. मग दुसरी.

बहिणीनं साडी खोचली, लेकीच्या मागं सरीत उतरली आणि दोन्ही टिपऱ्या टाचेनं दाबल्या.

“पोर हलकी हाय गं अजून,” माझ्याकडं न बघता ती म्हणाली. “रुतंल कसं?”

तेवढ्यात लेक मागं वळून ओरडली, “आई, बघ की! एकबी वर आली न्हाय!”

बहिणीच्या पायांचा मला तेव्हाही हेवाच वाटला. फक्त या वेळी ते लेकीसाठी हवे होते.