गुलाबी पिल्लं

घार पिल्लं उचलते म्हणून शेजारच्या शेवंताकाकूंनी होळीच्या उरलेल्या रंगात कोंबडीची आठही पिल्लं गुलाबी करून टाकली.

"आता ओळखू दे मेलीला," काकू म्हणाल्या. मी खास खुर्ची टाकून बसलो. घारीने वर दोन घिरट्या घातल्या आणि ती निघून गेली. काकू फुशारल्या. मग पिल्लं आईकडे धावली, आणि आईने पहिल्याचं डोकंच फोडलं.

"अगं भवाने, तुझीच आहेत ती."

कोंबडीने दुसऱ्यालाही टोचून मारलं. शत्रूला कळू नये इतकं लेकरू बदललं, की आईलाही ते परकंच. काकूंनी उरलेली सहा घाईघाईने धुऊन उन्हात सोडली. वाळून पिवळी झाल्यावर कोंबडीने त्यांना लगेच ओळखलं. घारीनेही.