पिल्लं खलास!

गेल्या शुक्रवारी आमच्या डोंगरावर जो गोंधळ झाला, तो लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. रोज लिहीन म्हणत होते, पण पिल्लांपुढे वेळ कुठे मिळतो...

ओमान म्हटलं की लोकांना घामाच्या धारा आठवतात. खाली मस्कतजवळच्या माबेल्यातली माझी मैत्रीण जानेवारीतही पंखा लावून झोपते, ते खरंय. पण नवऱ्याची नोकरी जबल अख्दरवरच्या हॉटेलात, त्यामुळे आम्ही पार वर डोंगरात राहतो, आणि इथे सकाळी अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा असतो.

अशा थंडीत आमची कोंबडी खुडूक झाली! शेवंती तिचं नाव, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या निजव्याच्या बाजारातून हौसेने आणलेली. अंडी उबवायची म्हणून सारखी खोक्यात बसून राहायची, हात लावला की फुगून अंगावर यायची.

नवरा म्हणाला, या थंडीत नको, अंडी वाया जातील. हॉटेलातले सगळे तेच म्हणाले. एकटी माझी आई म्हणाली, "बसवायची. फुकट गेली तर माझ्या माथी मारा."

आई गुहागरहून व्हिजिट व्हिसावर आलेली. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच हिवाळा, म्हणून मीच हट्टाने तिला आणलं. पण इथे ती नुसती कानटोपी घालून खिडकीशी बसायची... खुडूक कोंबडी बघितली आणि कित्येक महिन्यांनी तिचा आवाज चढला. खरं सांगू? मला अंड्यांपेक्षा त्या आवाजाची जास्त काळजी होती.

आमचं क्वार्टर पत्र्याचं, रात्री नुसता फ्रीज. शेजारच्या उम्म सालिमचं घर मात्र जुनं, जाड दगडी भिंतींचं. तिने बकऱ्यांच्या बाजूची कोठी दिली, तिच्या कोंबड्यांची अंडीही दिली (आमच्याकडे कोंबडा नाही, एकट्या शेवंतीने काय करायचं!). आईने खोक्यात राख पसरली, वर सुका चारा घातला आणि दहा अंड्यांवर शेवंतीला बसवलं.

मग रोज दोघींची ड्यूटी सुरू. आई मराठीत बोलायची, उम्म सालिम अरबीत... मध्ये काहवा (इथली कोरी कॉफी) आणि खजूर. मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून आतल्या लाल शिरा बघताना दोघी शाळकरी मुलींसारख्या खिदळायच्या. एकीचं अवाक्षर दुसरीला कळत नव्हतं, आणि कोणाचं काही अडतही नव्हतं.

शुक्रवारी आईला जरा कणकण होती. अंडी फुटायला अजून एक-दोन दिवस आहेत असा तिचाच अंदाज, म्हणून ती घरी थांबली आणि आम्ही निजव्याला सामान आणायला गेलो. परत निघताना तिचा फोन आला...

"संपलं गो. गेली सगळी पिल्लं. उम्म सालिम स्वतः येऊन सांगून गेली." पुढे काही विचारणार तोवर घाट सुरू झाला आणि रेंज गेली.

मागच्या सीटवर ईरा, आमची लेक, रडवेली. "आजीची ऑल पिल्लं मेला?" एरवी तिच्या मराठीला आम्ही हसतो, त्या दिवशी कोणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती खिडकी येत होती... आई आता पुन्हा तिथेच जाऊन बसणार.

घरी पोचलो तर आई पायरीवर, कानटोपी हातात. डोळे कोरडे. मी विचारलं, नक्की काय म्हणाली ती?

"काय म्हणणार! धावत आली, दोन्ही हात असे झटकले, म्हणाली खलास, खलास! मग वर बघून देवाचं नाव घेतलं. मला ओढत होती बघायला... मी नाही गेले. मेलेली पिल्लं काय बघायची?"

मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो. इथे चहा पिऊन झाला, खलास. गाडी दुरुस्त झाली, खलास. भांडण मिटलं, लग्न ठरलं, बाळंतपण पार पडलं... सगळं खलास! पण गुहागरच्या बाईने हा शब्द आयुष्यभर एकाच अर्थाने ऐकलेला.

"आई, ऊठ! चप्पल घाल!" मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या बकऱ्यांनीही सूर लावला.

कोठीच्या दारात उम्म सालिम फुरंगटून उभी. आमची वरात बघून तिने नुसतं आत बोट दाखवलं. शेवंती ऐटीत बसलेली, आणि तिच्या पंखाखालून एक पिवळं डोकं बाहेर... मग दुसरं... मग एक काळपट, थेट आपल्या कोंबडीआईच्या पाठीवर चढलेलं! आमची आई मोजायला लागली, पण पिल्लं कुठे एका जागी थांबतात. सात की आठ यावर बराच वेळ वाद, मराठी विरुद्ध अरबी.

नवऱ्याने मोडक्या अरबीत सांगितलं, आमच्याकडे खलास म्हणजे मेलं. उम्म सालिम आधी दचकली, मग आईच्या गळ्यात पडून इतकी हसली... आईही हसली, आणि हसताहसता रडायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलंच नव्हतं. मी अडवलं नाही.

आठ निघाली! आठही ठणठणीत. रात्री पिवळा बल्ब, दिवसा तांदळाची कणी आणि उथळ वाटीत कोमट पाणी, असा थाट चाललाय. दोन अंडी फुटली नाहीत, ती आईने डाळिंबाच्या झाडाखाली पुरली.

काल आईची फ्लाइट होती. निघताना उम्म सालिम गाडीशी आली, आईचे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले. हळूच विचारलं, "खलास?"

आईने कानटोपी नीट केली. "खलास कसलं गो! पुढच्या हिवाळ्यात येते. तोवर कोंबडा सांभाळ."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण उम्म सालिम आधीच 'इन्शाल्ला' म्हणून मोकळी झाली होती. शेवंती, तुझे उपकार आहेत गं बाई...