तिसऱ्या पक्षास देऊ नये

कृषी विद्यापीठाच्या एका कोरडवाहू संशोधन योजनेत मी काही वर्षं सहायक होतो. शेतीतली पदवी असली तरी माझं मुख्य काम करारांचं. इंग्रजी मसुदे मराठीत आणायचे, यंत्रावर टंकायचे आणि उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावोगाव फिरून त्यांवर सह्या घ्यायच्या. आमच्या योजनाप्रमुख साहेबांना करारांची मनापासून आवड होती. ज्वारीच्या रोगांवर ते दहा मिनिटं बोलत. करारांवर बोलायला बसले की चहा दोनदा सांगावा लागे.

त्यांच्या कपाटात करार जातवार लावलेले होते. सगळ्यात वर अनुदानाची पत्रं. अनुदानात पैसे देणारा फारसं काही विचारत नाही. एका सहकारी संस्थेच्या चेअरमननी आम्हाला तुरीच्या कामासाठी असं अनुदान दिलं होतं. तुरीचं काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नाही. बांधावरची आपल्या नावाची पाटी रस्त्यावरून वाचता येते का, हे बघायला मात्र ते दोनदा जीप घेऊन आले. खालच्या कप्प्यात प्रायोजित संशोधनाचे करार. यात पैसे देणारा सगळंच विचारतो: काय करणार, कधी देणार, निघालेल्या वाणावर हक्क कुणाचा. त्याखाली समझोत्याची पत्रं. दोन मोठी माणसं हार घालून घेऊन 'आपण मिळून काहीतरी करू' असं कबूल करतात, ते काहीतरी म्हणजे काय हे नंतर ठरतं, किंवा ठरत नाही. या पत्रांचा कागद सगळ्यात जाड असे. तळाशी दोन बारीक प्रकार: गुप्ततेचा करार आणि बियाणं देण्याघेण्याचा करार. साहेब म्हणत, "हे विंचवासारखे. नांगी शेवटी असते."

त्या वर्षी ती नांगी म्हणजे कलम सात.

एका बियाणे कंपनीनं रब्बी ज्वारीच्या नव्या वाणाची चाचणी प्रायोजित केली होती. वाणाला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. कमी ओलीवर तग धरणारी ज्वारी, आणि संकरित नव्हे, सरळ वाण. म्हणजे आलेला दाणा पुन्हा पेरता येणारा. चाचणीसाठी मुरुमच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या एका गावातल्या शेतकऱ्याची जमीन निवडली. सारा गाव त्यांना अण्णा म्हणे, म्हणून आम्हीही.

अण्णांना जमिनीचं भाडं नको होतं. मोठ्या दुष्काळात घरची शाळू, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं बी, सरकारी कामावर खडी फोडून आल्यावर रांधून खावं लागलं होतं. तेव्हापासून दर साली बाहेरचं बी आणायचं, आणि ते या रानाला मानवायचं नाही. त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं, "रान घ्या, राबनूक आमची. ज्वारी चांगली निघाली तर माज्या पेरणीपुरतं बी मला ऱ्हाऊ द्या. दुसरं कायबी नको."

साहेब म्हणाले, "हो हो, बघू."

त्यांचं 'बघू' म्हणजे नकार असतो हे मला ठाऊक होतं. अण्णांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या बोलीत 'हो' म्हणजे हो.

सह्यांच्या दिवशी करार मीच वाचून दाखवला. पहिली सहा कलमं सावकाश वाचली. सातवं होतं: 'सदर बियाणे अथवा त्यापासून आलेले संपूर्ण उत्पादन द्वितीय पक्षाने प्रथम पक्षास परत करावे, तिसऱ्या पक्षास देऊ नये.' ते मी जरा भरभर वाचलं. टंकताना 'पेरणीपुरते वगळून' असे दोन शब्द घालायला जागा होती, पण घालायचे तर साहेबांना विचारावं लागलं असतं. मी विचारलं नाही.

"तिसरा म्हंजे कोन?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे बाहेरचं कुणी."

"मंग भ्यायचं काय कारन न्हाय," ते म्हणाले. "बाहेरचं कोन येतंय हितं?" आणि वळणदार मोडीत सही केली.

ज्वारी सुंदर आली. पावसानं पाठ फिरवली तरी ती उभी राहिली. कणसं अशी भरली की शेजारच्या रानातली माणसं बांधावर थांबून बघत आणि काही न बोलता जात. बोललं तर दृष्ट लागते.

कणसं पिवळी पडली तसा अण्णांच्या घरून वानवळा निघाला. नव्या पिकातलं पहिलं थोडं सोयऱ्याधायऱ्यांकडे, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे धाडायचं ही तिथली रीत. अण्णांच्या घरची रीत म्हणजे त्यांच्या पत्नी, काकी. त्यांनी पाच-पाच कणसं दुरडीत घालून घरोघरी दिली. मलाही दिली, आणि मी ती घरी नेली. कलम सात स्वतःच्या हातानं टंकलेला मी, ती कणसं सायकलला बांधून दहा मैल आलो आणि वाटेत मला एकदाही काही आठवलं नाही. वानवळा म्हणजे देणं, असं माझ्या मनाला शिवलंच नाही. तो येतो, आपण घेतो.

मळणी होऊन रास पडली त्या दिवशी साहेब आणि मी गेलो, कंपनीचा माणूसही आला. चुणचुणीत, पँटीला इस्त्री, हातात छापील दाखला: 'मी सदर उत्पादन कोणासही दिलेले नाही.' पोती शिवून मोहोर लावायची, अण्णांनी दाखल्यावर सही करायची आणि जीप निघायची. खळ्यावर ऊन फार, म्हणून शेजाऱ्यांच्या ओसरीवर चहाला बसलो. कंपनीच्या माणसानं सहज वर पाहिलं. आढ्याला कणसांचा झुबका टांगलेला. बी राखायला टांगतात तसा.

"ही ज्वारी कुठली?"

"काकीचा वानवळा जी," शेजारीण म्हणाली. "लई गोड. पर खाल्ली न्हाय, बी धरलंय."

त्यानं अण्णांना बोलावलं. "तुम्ही ज्वारी दिली?"

"न्हाय. दाना दिला न्हाय म्या कुनाला."

"मग हे?"

अण्णांनी वर पाहिलं. मग त्यांनी छापील दाखला मागून घेतला, ओळीवर बोट ठेवून पुरता वाचला आणि परत दिला. "ह्याच्यावर सही जमायची न्हाय. खोटं कसं लिवू?"

सहीशिवाय चाचणी पुरी होत नव्हती. कंपनीचा माणूस म्हणाला, "ठीक आहे. कुणाकुणाला दिलं त्याची यादी करू आणि सगळीकडून परत आणू."

आतापर्यंत दारात उभ्या असलेल्या काकी पुढं झाल्या. "वानवळा माघारी मागायचा? आमच्या दारात मग कुत्रंबी यायचं न्हाय. यादी पायजे व्हय तुमाला? लिवा. ह्यांच्या घरी. देवळाम्होरच्या तीन घरी. बुद्धवाड्यात माज्या मैतरनीकडं. लेकीच्या सासरी आळंदला. ह्या भाऊसायबाला." मी बशीत बघू लागलो. "आन तुमच्या ह्या मोठ्या सायबाच्या घरी. त्यांच्याच जीपगाडीत ठिवला, डायवराच्या हातानं."

साहेबांनी कप खाली ठेवला.

"बाईसायबांनी डबा माघारी धाडला तवा त्यात साखर घातली व्हती," काकी म्हणाल्या. "रिकामा कोन धाडतंय? तिबी देऊ का परत?"

 साहेब खाकरले आणि एखाद्या परिषदेत बोलावं तसं म्हणाले, "वानवळा ही देवाणघेवाण नव्हे. तो लोकाचार आहे. दाखल्यात 'दिलेले नाही'च्या जागी 'विकलेले नाही' असं करावं." कंपनीच्या माणसानं एकदा त्यांच्याकडे, एकदा आढ्याकडे पाहिलं. यादीत पहिलं नाव कुणाचं लिहावं लागेल हे त्यालाही कळत होतं. त्यानं खोडून दुरुस्ती केली, अण्णांनी ती दोनदा वाचली आणि सही केली.

पण पोती सगळी गेली. खळं झाडून काढलेला दाणासुद्धा गेला. अण्णांनी पेरणीपुरत्या बियाची आठवण दिली, तेव्हा कंपनीच्या माणसानं कलम सातवर बोट ठेवलं आणि साहेब बुटांकडे बघत राहिले. अण्णांनी वाद घातला नाही. सही केलेली होती. जीपपाशी मला एकट्याला गाठून ते म्हणाले, "भाऊसायब, त्या दिशी तुमी सातवं जरा घाईत वाचलं बगा." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

परतताना उमरग्याच्या अलीकडे साहेबांनी विचारलं, "आपला मसुदा तिसऱ्या पक्षाकडून घेण्याबद्दल काय म्हणतो?"

मी आठवून पाहिलं. "काहीच म्हणत नाही, सर. द्यायचं नाही, एवढंच आहे. घेण्यावर बंदी नाही."

"हं," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग आपणही काही म्हणू नये. अण्णांना मात्र कुणीतरी सांगावं."

दुसऱ्याच दिवशी मी सायकल काढली.

मी कलमं समजावू लागलो तेव्हा काकी निवडत असलेल्या तुरीवरून वर न बघता म्हणाल्या, "ते काय सांगायला पायजे? दुरड्या अजून ज्यांच्यात्यांच्याकडंच हायत. रिकाम्या कशा येतील?" अण्णांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. कागदावर बसत नसेल तर त्यांना नको होतं. बसतंय अशी खात्री झाल्यावर त्यांनी काकींना चहा टाकायला सांगितलं.

हस्तात पाऊस झाला. पेरणीच्या आठवड्यात मी पाहणीला गेलो तेव्हा अण्णांची तिफण चालू होती आणि मागं काकी कमरेच्या ओटीतून चाड्यात मूठ सोडत होत्या. बांधावर सात-आठ दुरड्या, कुणाची बांबूची, कुणाची तुराटीची. बऱ्याचशा रिकाम्या झालेल्या. ज्वारीला बी थोडंच लागतं. दुरड्यांच्या शेजारी एक डबाही होता. तो साहेबांच्या घरून आला असावा असं मला वाटलं, विचारलं मात्र नाही.

अण्णांनी लांबूनच हात केला. "या भाऊसायब! सावकाश या, पेरलेल्या तासावर पाय देऊ नका."

पाहणीच्या छापील तक्त्यात 'बियाण्याचा स्रोत' असा एक रकाना होता. मी त्यात 'स्थानिक' असं लिहिलं.