बीजगणितात पन्नासपैकी चौदा

डिसेंबर १९५७, सहामाहीचा निकाल लागल्यानंतरचा पहिला शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर: मुख्याध्यापक, शाळा समितीतले दोघे (एक वकील, एक कापसाचे दलाल), शाळेचा चपराशी आणि मॅट्रिकची वर्गशिक्षिका म्हणून मी. व्हरांड्यात बाकावर मुलीचे वडील. ते वडनेरहून सकाळच्या मोटारीने आले होते. मुलगी हिंगणघाटात मावशीकडे राहून शिकत होती. तिला बोलावलं नव्हतं. तिच्या वर्गातल्या ज्या मुलाबरोबर ती दिसली होती, त्यालाही नाही.

प्रश्न एवढाच होता, की मुलीचा मॅट्रिकचा फॉर्म शाळेतून पाठवायचा की नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी चपराशाने दोघांना कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे बाभळीखाली बसलेलं पाहिलं होतं. शनिवारी त्या खोलीत त्याने ते परत एकदा सांगितलं. "मी सोताच्या डोयानं पाह्यलं, साहेब. एकाच पुस्तकात पाहून राह्यले होते."

"पुस्तक!" दलाल हसले. "आमच्या वेळेस पुस्तक लागत नव्हतं."

त्या बाभळीखाली याहून अधिक काय झालं, हे कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. काहीतरी झालंच असणार, असं सगळेच धरून चालले. मीही. वकिलांनी पुरावा म्हणून निकालपत्रक मागितलं. आमच्या निकालपत्रकात यंदाच्या सहामाहीशेजारी गेल्या वर्षीच्या सहामाहीचे गुण लिहायची पद्धत होती. मी वाचून दाखवलं. मुलगी, बीजगणित: गेल्या वर्षी तेहेतीस, यंदा चौदा. मुलगा: गेल्या वर्षी त्रेचाळीस, यंदा चव्वेचाळीस.

"म्हणजे पोरगं शाबूत आहे," वकील म्हणाले. "बिघडलं ते पोरीचं."

"दोघं एकाच झाडाखाली होते ना?" मी विचारलं.

"बाई, जवानीत घोडं उधळतेच," दलाल म्हणाले. "घोड्याले कोणी विचारते का? त्याचे मार्क पाहा, पहिला येईन तो."

पाच मिनिटांत ठरलं. मुलीला शाळेतून काढून न्यावं असं वडिलांना सुचवायचं, म्हणजे दाखल्यावर काही लिहावं लागणार नाही. मुलाला समज द्यायची. वडिलांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बाई होते.

ते शेतकरी होते. डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला होता. मी ठराव सांगितला. त्यांनी वाद घातला नाही. एकच विचारलं.

"बाई, मार्क कमी काऊन झाले, थे सांगा. बाकीचं मले लोक सांगूनच राह्यले."

"लक्ष दुसरीकडे गेलं," मी म्हणाले.

"पोळ्याले घरी आलती तवा तं म्हणे, आता बीजगणित जमून राह्यलं."

"मुली सांगतात तसं."

त्यांनी रुमाल बांधला आणि मुलीला घ्यायला मावशीकडे गेले. दुपारच्या मोटारीने दोघं गेली.

सोमवारी मी वर्गाच्या महिन्याच्या चाचण्यांची बेरीज करायला घेतली. ती वही माझी खाजगी होती, निकालपत्रकात त्यातलं काही जात नसे. तिच्या ओळीत बीजगणितात, पन्नासपैकीच, जुलै एकवीस, ऑगस्ट तीस, सप्टेंबर अडतीस होते. दोघांची मैत्री पावसाळ्यात सुरू झाली होती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. तो मुलगा तिला गणित शिकवत होता, आणि चांगलं शिकवत होता. आणखी काही असेलही. सोळा-सतरा वर्षांची होती दोघं. पण त्याने गुण बुडाले नव्हते.

बुडाले ते नंतर. चपराशाने बातमी आणल्यावर मी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं होतं. बाकीच्या मुलींना तिच्याशी बोलू नका असं सांगितलं होतं. मुलाला तिच्या वहीला हात लावायला बंदी केली होती. ही व्यवस्था मी केली, तीही मोठ्या काळजीने. सहामाही त्यानंतर महिन्याभरात झाली.

वही घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला. "बाई, हे शनिवारी का नाही आणलं?"

"शनिवारी सहामाहीचे गुण विचारले होते."

"मग आता ठराव झाला," ते म्हणाले. फॉर्म त्याच आठवड्यात गेले, तिचा सोडून. उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं मावशीकडून कळलं. मुलगा पहिला आला.

आता मी पंचेचाळीसची आहे. त्या वर्षापासून कोणाचे गुण घसरले की आधी मी स्वतः काय बदललं ते लिहून काढते, मग मुलाला बोलावते. त्याचा उपयोग होतो.

तिचे वडील अजून वडनेरलाच आहेत, शेतावर जातात, असं गेल्या महिन्यात तिथल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं. त्यांनी व्हरांड्यात विचारलेल्या प्रश्नाला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. बरोबर उत्तर सांगायला मोटारीने पाऊण तास लागतो. रविवारी जायचं ठरवलं होतं. त्याच्या आदल्या रविवारीही ठरवलं होतं.