सावलीतला चेहरा

माझी मावशी आयुष्यभर टीव्हीच्या खात्यात होती, पण पडद्यावर कधी दिसली नाही. एका देशातला कार्यक्रम दुसऱ्या देशातल्या टीव्हीवर धड दिसावा म्हणून जे नियम लागतात, ते ठरवणाऱ्या समितीवर ती इंजिनिअर होती. आम्हा भाचरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. टीव्ही लावला की ती आवाज बंद करून पडद्याला नाक लावते, एवढंच ठाऊक.

नवी डिजिटल पद्धत ठरत होती, तेव्हाची गोष्ट. चित्र दाबून लहान करायचं, पाठवायचं आणि घरोघरच्या टीव्हीवर पुन्हा उलगडायचं. ते पारखायला समितीकडे ठरावीक फिती होत्या: फुलांची बाग, फुटबॉलचा सामना, खिडकीशी हसणारी गोरीपान बाई. सगळ्या झकास उतरल्या. आता फक्त सह्या राहिल्या होत्या.

मावशीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. तिने ऑफिसचा कॅमेरा घरी आणला आणि काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्यांच्या दुकानाच्या दारात, सावलीत बसवलं. काका शिंपी, रंगाने चांगलेच काळे.

"सुईत दोरा ओवा. माझ्याकडे बघू नका."

"लग्नाच्या फोटोतसुद्धा मी नीट दिसलो नव्हतो," काका म्हणाले. "आता सगळ्या जगाला दाखवणार?"

"नीट दिसलात तर दाखवीन."

प्रयोगशाळेत ती फीत नव्या पद्धतीतून काढली. शर्ट स्वच्छ, सुई स्वच्छ, चेहरा मात्र चिखलाचा गोळा. डोळे कुठे, गाल कुठे, काही पत्ता नाही. चित्र लहान करताना गडद रंगांतले बारीकसारीक फरक यंत्र खुशाल टाकून देत होतं.

पुढच्या बैठकीत मावशीने तीच फीत लावली. अध्यक्ष वैतागले. "मॅडम, हे आत्ता काढताय? टीव्हीचे सगळे कारखाने आपल्यासाठी खोळंबलेत."

"हे माझे यजमान," ती म्हणाली. "यांचे डोळे कुठे आहेत तेवढं मला कुणीतरी दाखवा, मी लगेच सही करते."

समोरच्या रांगेतला एक परदेशी इंजिनिअर उठला, पडद्यापाशी जाऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पुन्हा लावा."

निर्णय लांबला. तिच्या साहेबांनी तिला फैलावर घेतलं, त्या वर्षीची बढतीही हुकली. ती बधली नाही. त्या परदेशी इंजिनिअरला हाताशी धरून तिने गडद छटा राखायची युक्ती बसवली. तऱ्हेतऱ्हेच्या रंगांच्या माणसांच्या फिती पारखणीत आल्या, आणि मगच नियम पक्का झाला.

काकांची फीत पारखणीसाठी देशोदेशीच्या प्रयोगशाळांत गेली, हे तिने त्यांना जेवताना सांगितलं.

"आधी बोलली असतीस तर दाढी तरी केली असती," काका कुरकुरले.

"बरं झालं नाही केलीत," मावशी म्हणाली. "खुंट न् खुंट दिसला, म्हणून तर नवी पद्धत पास झाली."